ग्राहक पूर्णतः समाधानी

आमच्या न्हाणीघरातला गीझर सध्या वॉरंटीत आहे आणि नेमका म्हणूनच तो बंद आहे. वॉरंटी नसती तर आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातला एखादा कारागीर पाना आणि टेस्टर घेऊन आला असता, त्याने झाकण उघडून थर्मोस्टॅट, कटआउट आणि कॉइल तपासली असती, गेलेला भाग बदलला असता आणि चहा पिऊन तो आपल्या वाटेला लागला असता. ज्या शहरात सांगाल त्या मापाचे ओतकाम होते आणि हव्या त्या आट्यांचा बोल्ट लेथवर कापून मिळतो, तिथे पाणी तापवणारी टाकी दुरुस्त होणे ही काही घटना नव्हे. परंतु झाकणाच्या फटीवर कंपनीने एक चकचकीत सील चिकटवले आहे आणि अधिकृत माणसाखेरीज कोणी ते फाडल्यास वॉरंटी रद्द होईल, असे कार्डावर ठळक छापले आहे. टाकीला किती वर्षे, कॉइलला किती आणि उरलेल्या यंत्राला किती, हा तपशील त्याच कार्डावर बारीक अक्षरांत, तोही नेमका घडीवर आलेला आहे.

हेल्पलाइनवर काय काय घडले ते सांगत बसत नाही, कारण ते वाचकांच्या घरीही घडलेले असणार. एकच सांगतो. एका बाईंनी अतिशय गोड आवाजात मला कळवले की आपल्या भागात पूर असल्यामुळे सुटा भाग वाटेत अडकला आहे. आमचा गीझर तोवर कोणी पाहिलेलाही नव्हता. मग कोणता भाग बिघडला हे न कळताच तो अडकला कसा, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. पण पुराविषयी कोल्हापूरकराला फसवू नये. पावसाळ्यात इथले शेंबडे पोरसुद्धा राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी तोंडपाठ सांगते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येते. पंचगंगा त्या दिवशी पात्रातच होती आणि महामार्गावरून ट्रक बिनबोभाट धावत होते. हे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या संयमाबद्दल आभार मानले.

अखेर अधिकृत माणूस आला. पाठीला सॅक लावलेला, पावसात निथळणारा, मिसरूड फुटलेला पोरगा होता तो. त्याच्यामागोमाग जिन्यावरून आबा उतरले.

आबा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. उद्यमनगरात उभा जन्म लेथवर काढून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून इमारतीत कुठेही स्क्रू फिरला की ते हजर होतात. मी त्यांना थांबवले नाही, उलट मनातून सुखावलो. यंत्रातले कळणारा आणि चारचौघांत आवाज असणारा एक माणूस आपल्या बाजूने उभा आहे, असे मला वाटले होते.

"कुठला म्हणायचा तू?" आबांनी स्टुलावर बसत विचारले.

"गडहिंग्लज, काका."

"खास गडहिंग्लज, का आसपासचं?"

"नूलजवळ."

"नूल?" आबा स्टुलावरून अर्धे उठले. "आमच्या थोरल्या भणीची नणंद नूलला दिलीया की रं! घर कंच्या बाजूला तुमचं?"

यानंतर जे झाले त्यात गीझरचा उल्लेख बराच वेळ आला नाही. नूलमधली एक गल्ली, तिच्यातले एक मारुतीचे देऊळ, त्या देवळाशेजारचे घर आणि त्या घरातून पूर्वी कधीतरी वाटणी घेऊन बाहेर पडलेला एक चुलता असा शोध चालला होता. पोरगा पेचकस हातात धरून अदबीने उत्तरे देत होता. शेवटी कोणाच्या तरी लग्नात कोणीतरी कोणाला आहेर केल्याचे निष्पन्न झाले, आबांनी मांडीवर थाप मारली आणि जाहीर केले, "म्हंजे तू पावणाच झालास की आमचा!"

माझा वकील त्या क्षणी फिरला, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

पाहुण्याने मग सॅकमधून पेनासारखे एक यंत्र काढले आणि बादलीतल्या पाण्यात बुडवले. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, तो मोजत होता. आकडा पाहून तो म्हणाला की पाणी जड आहे आणि जड पाण्याने कॉइलवर थर बसला तर ते वॉरंटीत धरत नाहीत. मला खरोखरच राग आला. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनसाठी या शहराने वर्षानुवर्षे आंदोलने केली, 2023 च्या दिवाळीत दूधगंगेचे पाणी एकदाचे शहरात पोचले, आणि त्या पाण्याला हा पोरगा एका पेनाने बाद ठरवत होता. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने सुचवलेली मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि त्या पेनावरचा आकडा तिच्या कितीतरी खाली होता. मी तसे म्हटले.

"सर, आकडा नुसता दाखवायला असतो," पोरगा समजुतीच्या सुरात म्हणाला. "कारण ॲपमध्ये निवडावं लागतं."

ॲपमध्ये कारणांची यादी होती. पाण्याची गुणवत्ता, विजेचा अनियमित दाब, चुकीची जोडणी आणि ग्राहकाकडून गैरवापर. 'गीझर बिघडला' असे कारण त्या यादीत नव्हते.

इतक्यात चहा आला. आबांनी ते पेन कुतूहलाने हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि कोणी काही म्हणण्याआधी आपल्या कपात बुडवले. आकडा अर्थातच भराभर वर गेला. आबांनी तो सर्वांना दाखवला. "बघा. आमच्या चहाची वॉरंटी गेली." पोरगा खळखळून हसला, आबा हसले, आणि स्वयंपाकघरातून आमची सौभाग्यवतीही हसली. ज्याला रोज पहाटे गार पाण्याने आंघोळ करावी लागते तो एकटाच गंभीर होता.

नंतर एनोड रॉडचा विषय निघाला. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. पाण्याने टाकीचे पोलाद गंजवण्याऐवजी आधी हा दांडा गंजतो, हळूहळू स्वतः संपतो आणि टाकीला वाचवतो. आबांनी पाहुण्याला हे इतक्या गहिवराने समजावून सांगितले की अधिकृत माणूस नक्की कोण, असा प्रश्न पडावा. पोरगा मान डोलावून म्हणाला, "बरोबर, काका. पण रॉड वॉरंटीत येत नाही. तो झिजणारा भाग आहे." संपूर्ण यंत्रात जो एकमेव भाग इमानाने आपले काम करतो, त्याचीच जबाबदारी कंपनीने घेतलेली नाही.

मग पोरग्याला खरेदीचे मूळ बिल हवे झाले. मी ते शोधायला आतल्या खोलीतल्या माळ्यावर चढलो. खाली उतरलो तेव्हा पोरगा निघून गेला होता, सील जिथल्या तिथे होते, गीझर गार होता आणि आबा माझा मोबाइल हातात घेऊन समाधानाने बसले होते.

"ओटीपी मागत हुतं पोरगं. दिला वाचून."

आबांनी तो ओटीपी लेथवरचे माप वाचावे तसा एकेक आकडा नीट उच्चारून दिला होता. त्याच्याखाली पुढचा संदेश येऊन पडलेला होता: आपली तक्रार निवारण झाली असून ग्राहक पूर्णतः समाधानी असल्याची नोंद घेण्यात आली आहे.

"आबा, अहो, त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही."

"आरं, दिवसाच्या तक्रारी दिवसात बंद केल्या न्हाईत तर पैसं कापत्यात त्याचं. सांगत हुता बिचारा. पार्ट आला की येतो म्हणालाय."

यावर काय बोलावे? त्या पोराचे पैसे कापले जाऊ नयेत, असे मलाही वाटते. पण तक्रार दुरुस्तीने नव्हे, तर आकड्यांनी बंद होते आणि न बंद झालेल्या तक्रारीचा दंड भर पावसात दुचाकीवरून हिंडणाऱ्या पोरावर बसतो, ही व्यवस्था ज्यांनी लावली ते कुठे तरी गरम पाण्याने आंघोळ करत असणार, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी कार्डावर एकही क्रमांक नाही. गीझर बंद असला तरी वॉरंटीची मुदत मात्र अखंड चालू आहे. सुटा भाग येईपर्यंतचा काळ मुदतीत वाढवून मिळेल का, असे मी विचारले, तेव्हा हेल्पलाइनवरच्या बाईंनी पुन्हा माझ्या संयमाबद्दल आभार मानले.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचे उत्तर तत्परतेने आले: ग्राहकाने स्वतः ओटीपी देऊन समाधान कळवले आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. 2019 च्या कायद्यात सेवेतील त्रुटीची व्याख्या ऐसपैस आहे आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही पडत नाही. अर्ज मी लिहायला घेतला आहे. अडचण एवढीच की घटनेचा एकमेव साक्षीदार म्हणून मला आबांनाच उभे करावे लागेल, आणि समोरच्या बाजूने तो पोरगा आला तर आबा कोणाच्या बाजूने बोलतील याची मला चांगलीच कल्पना आहे.

काल जिन्यात मी त्यांच्यापुढे हा विषय काढला. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले, आयोग कुठे भरतो ते विचारले आणि म्हणाले, "येतो की. पण त्याआधी ते पोरगं परत आलं तर तेवढी हाक मारा मला. आमचा मिक्सर दाखवायचा हाय त्याला."