प्लास्टर निघालं, पण हाड तेवढंच ठिसूळ

घरोघरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उतारवयात पडलं की हाड मोडणारच, ते जुळलं की काम संपलं, डेक्सा तपासणीत (हाडाची घनता मोजणारा एक्स-रे) ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, आला नाही तर औषध कशाला, त्या गोळ्यांनी उलट मांडीचं हाड मोडतं, जबडा सडतो, नाचणी, दूध आणि कोवळं ऊन पुरे. चालू असलेली इंजेक्शनं तर आजच थांबवा, असा वर सल्ला.

पडलं की मोडणारच? गाडीवरून आपटून मोडलं तर गोष्ट वेगळी. पण बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय सरकला, उभ्या उंचीवरून पडणं झालं आणि तेवढ्यावर मनगट किंवा खुबा मोडला, तर हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. धडधाकट हाड एवढ्याशा पडण्याला दाद देत नाही. एकदा असं मोडलं की पुढचं हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो आणि पहिली दोन वर्षं सगळ्यात वाईट. मनगटाचं प्लास्टर काढून घरचे निश्चिंत होतात, नेमका तोच काळ खुबा सांभाळायचा. मणक्याचं तर बहुतेकदा कळतही नाही. कंबर धरली म्हणून बाम चोळत राहतात, आणि हळूहळू आईची नेहमीची साडी पायात यायला लागते, फळीवरचा डबा हाताला लागेनासा होतो. उंची अशी कमी झाली की मणक्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

डेक्साबद्दल. तपासणीत येणारा टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत आपली घनता कुठे आहे तो आकडा. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली आला की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. रेघ कामाची आहे, पण तिच्या अलीकडे असणाऱ्यांचीही हाडं मोडतात, आणि बरीच मोडतात. किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडला की निदान तिथेच झालं, स्कोअर काही का येईना. (शिबिरात टाच मशीनवर ठेवून मिळालेला कागद म्हणजे डेक्सा नव्हे.)

आता गोळ्यांची भीती. ही निराधार नाही, म्हणून झटकून टाकत नाही. हाडाची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांनी (मेसेजमधल्या गोळ्या याच) मांडीचं हाड विचित्र पद्धतीने मोडल्याच्या नोंदी आहेत, आणि आशियाई स्त्रियांत हा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त दिसतो. पण तराजूचं दुसरं पारडंही बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या अभ्यासाचा हिशेब असा: दहा हजार आशियाई स्त्रियांना तीन वर्षं औषध दिलं, तर खुब्याची ९१ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची अशी ८ होतात. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, हे त्या ९१ कडे बघताना लक्षात असू द्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा याच गटातल्या झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन दिलेल्यांत नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली, मृत्यूही घटले. ही चाचणी २००७ ची. मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. जबड्याचा त्रास ठिसूळ हाडांसाठी देतात त्या मात्रेत विरळा. दात काढायचे असतील तर औषधाआधी उरकून घ्यावेत. या गटातलं औषध घेऊन बरीच वर्षं झाली की डॉक्टर मध्ये विश्रांतीही देतात.

पोट बिघडल्याच्या बऱ्याच तक्रारी मात्र गोळी घेण्याच्या पद्धतीतून येतात. आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहा त्यानंतर. आमच्याकडे इथेच गाडी अडते.

नाचणी जरूर खा, कॅल्शियम भरपूर आहे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही भरून काढावंच लागतं. पण एकदा मोडलेल्या माणसाला एवढ्यावर ठेवणं म्हणजे नुसत्या विटा आणून गवंडी न बोलावणं.

राहिला ‘इंजेक्शन आजच थांबवा’ हा सल्ला. तो सगळ्यात घातक. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब मध्येच सोडलं की हाडाची घनता झपाट्याने घसरते आणि एकामागून एक मणके मोडल्याच्या नोंदी आहेत. ते बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध लावूनच, आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख उलटायच्या आत डॉक्टरांशी बोलून.