एक लिटर आणि चार डोकी

कट्ट्यावर टेकायच्या आधीच नंदूने मोबाइल पुढे केला. "बघा. फोर्डचं एक लिटर इकोबूस्ट इंजिन. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, १२५ पीएस म्हणजे अश्वशक्ती, ओढायचा जोर (टॉर्क) १७० न्यूटन-मीटर. गाडी नऊ वर्षांची, पण चाललीय फक्त ४२,००० किलोमीटर. घेऊ का?"

"नको," बापू म्हणाला. मोबाइलकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बापूचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पाठ आहे. इंजिन मोठं असावं आणि त्याला घाम फुटू नये. "आपल्या जुन्या १,६०० सीसीतून ११० पीएस निघायचे. म्हणजे लिटरला सत्तरच्या आत. इथे एका लिटरला १२५! पोराच्या डोक्यावर पोतं द्यायचं आणि वर म्हणायचं, पळ."

"पोतं कुठलं, हवा देतोय आपण," मास्तर म्हणाले. "इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळेल. टर्बो ती हवा दाबून आत भरतो, म्हणून लिटरभराच्या भांड्यात दीड-दोन लिटरची हवा मावते."

"आणि जाळही तेवढाच होतो ना? त्याच पिस्टनवर, त्याच बेअरिंगवर? मग पोतं आलंच की!"

मास्तर हसले, पण हा मुद्दा त्यांना खोडता आला नाही. त्यांनी मोर्चा नंदूकडे वळवला. "ते १२५ सोड. १७० न्यूटन-मीटर किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतात ते वाच."

"१,४०० ते ४,५००."

"हां, खरी मेख तिथे आहे. टॉर्क गुणिले फेऱ्या भागिले ९,५४९ म्हणजे किलोवॅटमधली ताकद. १७० गुणिले १,५०० भागिले ९,५४९ कर. २६.७ किलोवॅट, म्हणजे साधारण ३६ पीएस. रोजच्या रस्त्यावर तुला लागणार ते एवढेच. पण ते १,५०० आरपीएमलाच हाताशी आहेत. बापूच्या जुन्या इंजिनाला तेवढ्यासाठी गिअर खाली टाकावा लागायचा. १२५ हवे असतील तर ६,०००ला न्यावं लागेल, आणि तू तर ३,००० झाले की डोळे मिटतोस."

नंदू खूश झाला. तेवढ्यात मिस्त्री बोलले. ते बराच वेळ गप्प असतात आणि मग एकदम कुठेतरी बोट ठेवतात. "त्या १,५०० आरपीएमलाच सगळ्यात मोठा घोळ होतो. वरचा गिअर, कमी आरपीएम आणि पाय पूर्ण दाबलेला. प्लगची ठिणगी पडायच्या आधीच आतलं मिश्रण पेटतं. वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसल्यासारखं होतं. एकदा बसला तर निभावतं, पण चार वेळा बसला तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटते."

"पेटतं कशामुळे?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा ऑइलमुळे. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलचा थेंब सिलिंडरच्या भिंतीवरून उडतो आणि तोच निखारा होतो. ऑइलमधल्या कॅल्शियमने ते वाढतं, हे कळल्यावर ऑइलची मानकंच बदलली. २०१८ला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं (एपीआय) एसएन प्लस आलं, २०२०ला एसपी. डब्यावर ही अक्षरं बघत जा. नुसतं 'सिंथेटिक' लिहिलेलं वाचून भरू नका."

बापूला जोर चढला. "म्हणजे टर्बोच वाईट!"

"टर्बो बिचारा काय करतो?" मिस्त्री म्हणाले. "फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टचा टर्बो मिनिटाला २,४८,००० फेऱ्यांपर्यंत जातो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. ऑइल वेळेवर आणि स्वच्छ मिळालं तर तो फारसा बोलत नाही. ऑइल पोहोचेनासं झालं की टर्बो जातो, आणि बिल टर्बोच्या नावावर फाटतं."

नंदूने लगेच बक्षिसं काढली. २०१२, २०१३, २०१४, सलग तीन वर्षं हेच इंजिन 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'.

"बक्षीस देताना गाडी नवी असते," बापू म्हणाला. त्याचं हे वाक्य मात्र मी मनात लिहून ठेवलं. कारण २००९ आणि २०१०चं हेच बक्षीस फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआय इंजिनाला होतं, सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून हवा दाबणारा पंप) आणि टर्बो दोन्ही असलेल्या. पुढे त्याच इंजिनाच्या टायमिंग चेन (झडपा वेळेवर उघडणाऱ्या साखळ्या) सैल पडल्या आणि पिस्टन फुटले. त्यानंतर फोक्सवॅगनने नव्या पिढीत चेनऐवजी बाहेर कोरडा चालणारा बेल्ट घेतला. एक लिटरच्या टीएसआयमध्ये तोच आहे. इंजिन अजून छोटं झालं, पण ते दुखणं गेलं.

इकोबूस्टमध्ये आणि पुजो-सित्रोएनच्या १.२ प्युअरटेकमध्ये याच्या उलट झालं. तिथे टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत चालतो. घर्षण कमी होतं, आवाज कमी होतो, कागदावर सगळं छान. इकोबूस्टच्या बेल्टला फोर्डने दहा वर्षं किंवा २,४०,००० किलोमीटर दिले होते. पण रबर ऑइलमध्ये मऊ पडतं, त्याचा भुगा सुटतो आणि तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. प्युअरटेकमध्ये तर भुग्याने ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूम पंपापर्यंत मजल मारली आणि कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढे दोन्ही कंपन्या नव्या आवृत्तीत चेनवर आल्या.

हे मला वाचून कळलेलं नाही. माझ्या आधीच्या गाडीत (कंपनीचं नाव कशाला) वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. सरळ रस्त्यावर बंद. मी महिनाभर सेन्सरला दोष देत फिरलो. शेवटी मिस्त्रींनी खालचं चेंबर उघडलं, जाळी माझ्या तळहातावर ठेवली. काळ्या चुऱ्याने गच्च भरलेली.

"नंदू, तुझ्या गाडीचा बेल्ट ओला की सुका?" मिस्त्रींनी विचारलं.

"ओला. पण ४२,०००च..."

"तेच तर! नऊ वर्षांत ४२,०००. रोजची धाव किती असेल?"

"ऑफिस चार किलोमीटरवर आहे म्हणे."

मिस्त्रींनी मान हलवली. "चार किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन, थंड असताना जास्तीचं पेट्रोल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब पळाली असती तर उडून गेलं असतं. ते साठत राहतं, ऑइल पातळ होतं, आणि त्या पेट्रोलाने बेल्ट फुगतो. प्युअरटेकच्या बेल्टची रुंदी मोजायला तर खास माप काढलंय, ऑइल भरायच्या तोंडातून घालायचं. ४२,००० चाललेल्या या गाडीपेक्षा मी दीड लाख हायवेवर पळालेली घेईन."

इथे बापू आणि मास्तर दोघेही एकदम त्याच बाजूला गेले. आमच्या कट्ट्यावर हे क्वचित होतं.

"मालकाला विचार," मास्तर म्हणाले. "बेल्ट बदलल्याचं बिल आहे का, ऑइल दर वर्षाला बदललंय की किलोमीटर भरायची वाट पाहिलीय."

नंदूने तिथेच मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं. त्याने मोठ्याने वाचलं, आवाजात थोडा विजय होता.

"'बिलं शोधावी लागतील. पण इंजिन एकदम ओके, ऑइलचा थेंब खात नाही. दोन वर्षांत वरून भरावं लागलं नाही. आजच ऑइल मोजायची डिपस्टिक पाहिली, ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे.'"

मिस्त्रींनी हात पुढे केला. "फोन दे इकडे. मीच बोलतो."