व्हीएफडी बसवला की कॉम्प्रेसरचं बिल निम्मं होतं?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "कॉम्प्रेसरला व्हीएफडी बसवा, वीजबिल निम्मं करा. हवा फुकट आहे, थोड्याफार लिकेजकडे बघू नका. प्रेशर 8 बारला ठेवा, काम झपाट्यानं होतं. मोठी टाकी लावली की वीज वाचते." व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग हवेच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. माझं काम कॉम्प्रेसर दुरुस्तीचं. या मेसेजवर विसंबून कर्ज काढायला निघालेले दोघे जण भेटले, म्हणून लिहितोय.

आधी 'बिल निम्मं' बघू. इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) असलेल्या फाउंड्रीत विजेचा मोठा घास फर्नेसच घेते. तिथं कॉम्प्रेसर कायमचा बंद ठेवला तरी बिल निम्मं होणार नाही. राहिली कॉम्प्रेसरपुरती बचत. स्क्रू प्रकारचा कॉम्प्रेसर प्रेशर भरल्यावर बंद न होता अनलोडला, म्हणजे रिकामा फिरतो; तेव्हा तो हवा देत नाही, पण फुल लोडच्या 25 ते 40 टक्के वीज ओढतच राहतो. व्हीएफडी वाचवतो ती मुख्यतः हीच वीज. मशीन दिवसभर लोडवरच असेल तर वाचायला काही नाही, उलट ड्राइव्हमध्ये 3-4 टक्के वीज जाते. तुमच्या कंट्रोलरवर रनिंग अवर्स आणि लोड अवर्स दोन्ही दिसतात. दोन्हींत मोठी तफावत असेल तरच कोटेशन मागवा.

आणि आपल्याकडच्या छोट्या शॉपमध्ये स्क्रू असतोच कुठं? पट्ट्यावरचा 5 किंवा 10 एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर असतो. प्रेशर भरलं की स्विच त्याला पूर्ण बंद करतो, म्हणजे अनलोडचा खर्चच नाही. त्यात यातल्या बऱ्याच मशीनांत तेल क्रँकच्या फेऱ्यानं उडून बेअरिंगला लागतं. वेग फार कमी केला तर तेल पोचत नाही आणि मशीनच बसतं.

'लिकेजकडे बघू नका' या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. हवा फुकट, पण ती दाबायला वीज लागते, आणि त्या विजेतला बहुतेक भाग उष्णता होऊन जातो. 7 बारला 3 मिलिमीटरचं एक भोक सुमारे 4 किलोवॅट खातं. दिवसाला 10 तास, महिन्याला 26 दिवस धरले तर हजारावर युनिट. हेस्कॉमच्या बिलातला आपला दर घेऊन गुणाकार करा.

गेल्या पावसाळ्यात एका फेटलिंग शॉपमध्ये (ओतीव भाग घासून साफ करतात तिथं) जेवणाच्या सुट्टीत हवेवरचे सगळे ग्राइंडर बंद करून घड्याळ लावलं. कॉम्प्रेसर 3 मिनिटं लोड, 7 मिनिटं अनलोड. दहातली तीन मिनिटं, म्हणजे क्षमतेच्या 30 टक्के हवा कुणीही न वापरता जात होती! साबणाचं पाणी घेऊन लाइनभर फिरलो. क्विक कपलर, होजच्या क्लिपा, आणि पाणी काढायचा कंटाळा म्हणून कायम अर्धवट उघडा ठेवलेला ड्रेन कॉक. वॉशर, क्लिपा आणि टेफ्लॉन टेप एवढ्यावर बहुतेक काम भागलं.

8 बारचं म्हणाल तर बहुतेक सीएनसी मशीनना 5-6 बार पुरतात. दर एक बार वाढवला की कॉम्प्रेसर 6-7 टक्के जास्त वीज घेतो, आणि असलेल्या भोकांतूनही जास्त हवा निघते. टोकाच्या मशीनला प्रेशर मिळत नसेल तर आधी बारीक पाइप आणि तुंबलेला फिल्टर बघा. टाकीनं प्रेशर स्थिर राहतं, लोड-अनलोडची धावपळ कमी होते. गळकी लाइन तशीच ठेवून नुसती टाकी वाढवली तर वीज वाचत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. कॉम्प्रेसर भट्टीजवळच्या बंद खोलीत कोंडू नका. आत घेतलेली हवा 4 अंशांनी तापली की साधारण 1 टक्का वीज वाढते. बेळगावात बाहेर एवढी गार हवा आहे, ती डक्टनं आत घ्या. फक्त डक्टचं तोंड सँड प्लँटच्या (साच्याची वाळू तयार होते त्या) बाजूला नको, फिल्टर आठवड्यात भरेल.