ऑक्टोपॅड कोण वाजवणार?

सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी रचना करायची म्हणून मी ओळखीतल्या जाणकारांना गाठलं. प्रतिभा, रियाझ, गुरू असलं कुणी काही काढलंच नाही. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : "मॅक आहे की विंडोज?"

विंडोज म्हटलं की निम्मे लोक सांत्वनाच्या सुरात बोलू लागत. कारण 'लॉजिक' हे संगीतरचनेचं सॉफ्टवेअर बाद. एके काळी ते विंडोजवरही चालायचं म्हणे. २००२ मध्ये अ‍ॅपलने ते बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजचा विषय संपला. भाचा म्हणाला, "मामा, एफएल स्टुडिओ घे. एकदा पैसे भरले की जन्मभर अपडेट फुकट." एका बुजुर्ग रेकॉर्डिस्टने मात्र 'क्यूबेस'शिवाय दुसरं नाव घ्यायला मनाई केली. त्यांनी ते अटारीच्या कॉम्प्युटरवर वापरलेलं. ज्याने अटारीवर दिवस काढलेत त्याच्याशी वाद घालू नये, एवढं मला कळतं.

काकांना कुठून तरी सुगावा लागला. "ऑर्केस्ट्रा काढतोयस? झकास! ऑक्टोपॅड कोण वाजवणार?"

"काका, सगळं कॉम्प्युटरच वाजवणार."

"बरं. मग गायिकेचं तेवढं बघ."

शेवटी 'रीपर' उतरवून घेतलं. साठ दिवस चकटफू, एकही कळ बंद नाही. घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरला. मुदत संपली तरी ते अडून बसत नाही. उघडताना फक्त आठवण करून देतं, तीही अशी सभ्यपणे की माणूस ओशाळतो.

खरी परीक्षा व्हायोलिनने घेतली. एकच व्हायोलिन, पण लांब गज, तुटक गज, बोटाने छेडलेली तार, थरथरता गज असे त्याचे शंभर नखरे, आणि दर सुराला यातलं काय हवं ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्यासाठी वाजवायच्या कीबोर्डच्या तळाच्या पट्ट्या राखून ठेवलेल्या असतात. त्या दाबल्या की आवाज येत नाही, फक्त हुकूम सुटतो. क्यूबेसमध्ये हे हुकूम टिपून ठेवायला 'एक्स्प्रेशन मॅप' आहे. रीपरमध्ये तसं आयतं काही नाही. एका भल्या माणसाने लिहिलेली 'रीटिक्युलेट' नावाची जोडणी वेगळी बसवावी लागते. मी बसवली. त्यात एक रविवार गेला आणि सूर एकही नाही. वाद्यवृंदासाठी सॉफ्टवेअर निवडताय तर आधी हे बघा. बाकी रंगरूप सगळं सारखंच.

मग वाद्यं. 'बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा'च्या आवाजांचा मोठा संच सहाशे जीबीच्या घरात जातो. माझ्या लॅपटॉपची अख्खी डिस्क त्याहून लहान! निमूटपणे त्याचा सर्वांत छोटा, फुकटातला भाऊ घेतला.

पट्टी दाबली की आवाज जरा मागाहून यायचा. बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी कॉम्प्युटर त्याचे जेवढे नमुने जमवून ठेवतो तो आकडा, १०२४ वर होता. म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तेवीस मिलिसेकंदांचा उशीर, शिवाय वरचा किरकोळ वेगळा. बफर १२८ वर आणला तर उशीर गेला, पण सगळे चेलो फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडायला लागले. मधला आकडा सापडेपर्यंत मूळ चाल डोक्यातून पसार झालेली. पुढे आवाज चढवायचा तर शून्य ते एकशे सत्तावीसमधले आकडे माउसने रेघ ओढून भरायचे. मी वीसपासून एकशे दहापर्यंत असा काही चढ काढला की आतल्या खोलीतून आई ओरडली, "किती जण आलेत रे? चहा टाकू का सगळ्यांना?"

माझ्या चाळीस वादकांना तिथवर पहिल्यांदाच कुणीतरी खरं मानलं होतं. त्या भरात तयार झालेला तुकडा बासरी वाजवणाऱ्या एका मित्राला ऐकवला. पाश्चात्त्य बासरी, शिकवतोही. डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्याने दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, भारावला.

"हा सूर किती मात्रांचा आहे?"

"मोठा आहे. सोळा बार."

"आणि बासरीवाल्याने श्वास कधी घ्यायचा?"

"सॉफ्टवेअरने तर काही तक्रार केली नाही."

"त्याला फुप्फुसं नाहीत," तो म्हणाला, आणि माझी पेन्सिल घेऊन त्या सुराचे चार तुकडे करायला बसला. तीन तुकडे मलाही पटले. चौथ्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.