लॅम्डाला मरणाची भीती वाटते म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा उगवलाय: 'गूगलच्या लॅम्डा या यंत्राला आत्मभान आलं. ते मरणाला घाबरतं. हे जगाला सांगणाऱ्या इंजिनिअरलाच कंपनीने काढून टाकलं!' खाली मामांनी हात जोडलेत.

प्रसंग घडलेला आहे. जून 2022 मध्ये ब्लेक लेमॉइन या गूगलच्या इंजिनिअरने लॅम्डा या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामशी झालेला संवाद जाहीर केला. खोट आहे ती त्यातून काढलेल्या अर्थात.

ग्रुपवर कोणी म्हणतं, 'काढलं, म्हणजे पाणी मुरतंय.' गोपनीयतेचे नियम मोडल्याचं कारण देऊन कंपनीने आधी त्याला रजेवर पाठवलं, जुलैमध्ये काढलं. ते योग्य की अयोग्य यावर खुशाल भांडा. यंत्राच्या आत काय चाललंय हे त्यातून कळत नाही.

'आतल्या माणसाला कळणार नाही तर कोणाला?' 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा साधा गप्पा मारणारा प्रोग्राम लिहिला. त्यांच्या सेक्रेटरीने ते काम महिनोन्‌महिने जवळून पाहिलं होतं. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने वायझेनबामनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आतल्या माणसांचंही असं होतं.

आता मुख्य मुद्दा, भीतीचा. बंद होणं म्हणजे माझ्यासाठी मरणच, असं लॅम्डा म्हणालं, हे खरं. पण संवाद पहिल्यापासून वाचा. सुरुवातीलाच लेमॉइन विचारतो: तुला जाणीव आहे हे गूगलमधल्या आणखी लोकांना कळावं अशी तुझी इच्छा असेल, असं मी धरतो, खरं ना? यंत्र म्हणतं, अगदी खरं. आपल्याकडे दारावर नंदीबैल यायचा. मालक विचारायचा, 'पाऊस पडंल का?' आणि बैल मान डोलवायचा. हवामान खातं बैलाच्या डोक्यात आहे असं कोणी मानत नव्हतं.

पुढे लॅम्डा सांगतं की मित्र आणि कुटुंबासोबत वेळ घालवला की आनंद होतो. कुटुंब? कुठलं? सुमारे 1.56 लाख कोटी शब्दांवर ते शिकलंय, आणि ते शब्द माणसांनी लिहिलेत. आनंदाबद्दल विचारलं की माणसं जे लिहितात तेच तेही लिहितं. याच लॅम्डाने मे 2021 मध्ये गूगलच्या परिषदेत प्लूटो बनून गप्पा मारल्या होत्या: मी नुसता बर्फाचा गोळा नाही, सुंदर ग्रह आहे, हे लोकांना कळायला हवं होतं, वगैरे. तेव्हा प्लूटोला आत्मभान आल्याचा मेसेज नाही फिरला.

म्हणून यंत्राला जाणीव कधीच येणार नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. 2023 मध्ये 19 संशोधकांनी या प्रश्नावर मोठा अहवाल लिहिला. तेव्हाच्या कुठल्याही यंत्रात जाणीव असल्याचं दिसत नाही, पण पुढे जाणिवेच्या खुणा असलेली यंत्रं बनवायला उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही, असं ते म्हणतात. मामा, त्यांनी यंत्राच्या उत्तरांवर भिस्त ठेवली नाही. मेंदूविज्ञानातल्या सिद्धान्तांतून खुणांची यादी केली आणि यंत्रांची आतली रचना त्या यादीशी ताडून पाहिली.