दमाचे माप

मराठीतला ‘दम’ हा शब्द मोठा बहुगुणी आहे. तो लागतो, खाता येतो, धरता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि आपल्यात तो किती आहे हे छाती पुढे काढून सांगताही येते. वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत मी यांतले सर्व प्रकार आलटून पालटून केले होते. तो मोजून घेण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता, आणि मनगटावरच्या घड्याळाने माझे विनाकारण कौतुक केले नसते, तर तो पुढेही आला नसता.

त्या घड्याळाने एके सकाळी मला ‘व्हीओटू मॅक्स 41’ असे कळवले. या आकड्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. परंतु त्याखालची पट्टी हिरवी होती, आणि हिरव्या पट्टीचा अर्थ कोणालाही समजतो. पुढचे दोन आठवडे तो आकडा मी संभाषणात जेथे शोभेल तेथे, आणि बहुतेक वेळा जेथे शोभणार नाही तेथेच, सांगत राहिलो. होता होता तो माझ्या भाचीच्या कानावर गेला. ती व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करते. हे घड्याळ श्वास मोजत नाही, नाडीचे ठोके आणि चालण्याचा वेग यांची सांगड घालून ते नुसता अंदाज बांधते, असे तिने मला सौम्य शब्दांत समजावले, आणि खरा आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत या, असे त्याच दमात सांगून टाकले. निरोगी प्रौढ माणसांची हृदय-श्वसन क्षमता साधारणपणे किती असते, हे ठरवण्याच्या कामात ती होती. “मामा, खेळाडू मला हवे तितके मिळतात,” ती म्हणाली, “तुमच्यासारखी अगदी साधारण माणसेच मिळत नाहीत.” हे वाक्य स्तुती समजून मी होकार दिला.

साधारण असल्याचे सिद्ध करणे इतके अवघड असते, याची मला कल्पना नव्हती. सुरुवात प्रश्नावलीने झाली. तीत निरोगी माणसाची व्याख्या कोठेही नव्हती. नसलेल्या रोगांची यादी होती, आणि ती संपेपर्यंत जो टिकतो तो निरोगी, असा एकंदर हिशेब होता. हृदयविकार नाही, दमा नाही, धूम्रपान नाही, छातीत दुखत नाही, चक्कर येत नाही, असे एकापाठोपाठ एक ‘नाही’ लिहिताना आपल्या आयुष्यात काहीच घडले नाही की काय, अशी शंका मला येऊ लागली. त्याहून मोठी शंका भाचीने स्वतःच बोलून दाखवली. तोंडाला मुखवटा बांधून जीव जाईपर्यंत धावायला जी माणसे आपण होऊन येतात, ती बहुधा थोडीफार धडधाकटच असतात. ज्यांना आपला आकडा काय निघेल याची धास्ती असते, ती घरीच बसतात. त्यामुळे अशा अभ्यासातली सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा थोडी वर सरकते. मी मात्र निव्वळ घड्याळाची बाजू सांभाळण्यासाठी आलो होतो, तेव्हा ही सरासरी खाली खेचण्याचे शास्त्रीय कार्य माझ्या हातून होणार होते.

व्हीओटू मॅक्स म्हणून मोजायचे असते ते एवढेच की, माणूस पराकाष्ठेचे श्रम करीत असताना त्याचे शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे, किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकते. आत जाणाऱ्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, आणि बाहेर येणाऱ्या हवेत त्याहून कमी; या दोहोंतला फरक आणि हवेचे आकारमान कळले की पुढचे काम गणिताचे. परंतु फुप्फुसांनी ओढलेला हा ऑक्सिजन रक्ताने उचलावा लागतो, हृदयाने ढकलावा लागतो आणि स्नायूंनी वापरावा लागतो. म्हणजे एका आकड्यात चार खात्यांचा कारभार उघडा पडतो, आणि कोणत्या खात्याने कामचुकारपणा केला हे तो आकडा सांगत नाही.

यंत्राची तपासणी माझ्या तपासणीपेक्षा अधिक आदराने झाली. ठरावीक आकारमानाच्या मोठ्या पिचकारीने त्यात हवा सोडण्यात आली, घटक ठाऊक असलेला वायू त्याला हुंगवण्यात आला, आणि ते खोटे बोलत नाही अशी खात्री झाल्यावरच माझ्याकडे लक्ष वळले. माझ्या छातीवरचे केस चार-पाच ठिकाणी चौकोनी भादरून तेथे इलेक्ट्रोड चिकटवले गेले. नंतर नाक आणि तोंड झाकणारा रबरी मुखवटा असा आवळण्यात आला की, कडेने एक उसासाही निसटू नये. बोलणे बंद झाले. माझ्या शरीरातला सर्वांत कमावलेला अवयव पहिल्याच मिनिटाला स्पर्धेतून बाद झाला.

बोलता येत नसल्यामुळे श्रम किती वाटतात हे सांगण्यासाठी समोर एक तक्ता धरला जातो. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली ही मोजपट्टी 6 पासून सुरू होऊन 20 वर संपते. काहीही न करणाऱ्या माणसाला शून्य न देता 6 गुण देणारी ही जगातली एकमेव परीक्षा असावी. निवडलेल्या आकड्याला दहाने गुणले की नाडीचे ठोके अदमासे मिळावेत, अशी त्यामागची योजना आहे.

ट्रेडमिलचा पट्टा सुरू झाला. ब्रूस नावाच्या हृदयतज्ज्ञाने आखून दिलेल्या पद्धतीत पहिली तीन मिनिटे ताशी 2.7 किलोमीटर वेगाने, पण 10 टक्के चढावर चालावे लागते, आणि नंतर दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. पहिल्या टप्प्यात मी भाचीकडे पाहून हात हलवला. दुसऱ्या टप्प्यात हात कठड्यावर गेला, आणि तेथून तो भाचीने प्रेमाने पण ठामपणे काढला. कठड्याला धरून चालणाऱ्याचे निम्मे श्रम कठडाच करतो, हे तिला ठाऊक होते. तिसऱ्या टप्प्यात वेग 5.5 आणि चढ 14 टक्के झाला. तिने तक्ता पुढे केला तेव्हा माझ्या अंतरात्म्याने 17 म्हटले होते, बोट मात्र 13 वर गेले. 13 म्हणजे ‘काहीसे कठीण’. भाचीसमोर मामाने काहीशापेक्षा अधिक कठीण होऊ नये. सातव्या मिनिटाला, छातीचा भाता लोहाराच्या वरताण झालेला असताना, मी थांबण्याची खूण केली आणि मुखवटा निघताच जगातली सर्व हवा एकट्याने आत घेतली.

मी अक्षरशः मरणाच्या दारातून परतलो आहे, अशा समजुतीत असताना यंत्राने निकाल दिला, आणि तो असा की, हा इसम पुरेसा दमलेलाच नाही.

याचे कारण श्वसन विनिमय गुणोत्तर नावाची एक चुगलखोर संख्या आहे. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचे हे प्रमाण. शरीर निव्वळ चरबी जाळत असेल तर ते 0.7 च्या आसपास असते, निव्वळ शर्करा जाळत असेल तर 1. श्रम आणखी वाढले की स्नायूंतून येणाऱ्या आम्लाला रक्तातले बायकार्बोनेट शमवू लागते, त्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि प्रमाण 1 च्या वर चढते. ते 1.10 ओलांडेपर्यंत माणसाने खरोखर पराकाष्ठा केली, असे सर्वसाधारणपणे मानत नाहीत. माझे 0.98 होते. “मामा, तुम्ही आधीच सोडलेत,” भाची म्हणाली. ज्या धापेने मला शब्द फुटत नव्हता, तिला शास्त्राच्या दरबारात ढोंग ठरवण्यात आले होते, आणि प्रतिवाद करण्यापुरताही श्वास माझ्याजवळ नव्हता.

दुसरी चाचणी तीन आठवड्यांनी ठरली. या तीन आठवड्यांत अंथरुणावर पडून राहून शक्ती साठवावी, असा माझा बेत होता, आणि तो मी मोकळेपणाने सांगितलाही. भाचीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अमेरिकेत डॅलस येथे 1966 मध्ये नेमका हाच प्रयोग झाल्याचे तिने सांगितले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची ही क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. 30 वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तर पन्नाशीतही त्यांची अवस्था त्या तीन आठवड्यांच्या अखेरीस होती त्यापेक्षा बरी निघाली. म्हणजे 30 वर्षांच्या वार्धक्याला जे साधले नाही, ते गादीने तीन आठवड्यांत करून दाखवले होते. सुट्टीच्या दिवशी पलंगावर ‘ताजेतवाने होणे’ या नावाखाली मी आजवर काय काय गमावले, त्याचा हिशेब मी केला नाही. मी चालू लागलो.

दुसऱ्या वेळी पट्ट्यावर चढताना भाचीने मला धीर देण्यासाठी ए. व्ही. हिल यांची गोष्ट सांगितली. ‘जास्तीत जास्त ऑक्सिजन ग्रहण’ या कल्पनेचे हे जनक. सन 1922 चे नोबेल पारितोषिक ज्याच्या पदरात पुढे पडायचे होते, असा हा गृहस्थ 1923 च्या शोधनिबंधासाठी स्वतःच पाठीवर डग्लस पिशवी बांधून, तोंडाने तीत श्वास सोडत, हिरवळीवर गोल गोल धावत असे. मला हे चित्र फारच आवडले. नोबेलच्या योग्यतेच्या माणसाचीही फरफट चुकत नाही, हा त्यातला भाग विशेष. हिल यांनी हे स्वतःच्या इच्छेने केले होते, हा तपशील मला नवव्या मिनिटाला आठवला, तेव्हा चौथा टप्पा सुरू झाला होता. पायांखालचा पट्टा 16 टक्के चढून ताशी 6.8 किलोमीटरने मागे पळत होता, आणि तक्त्यावर या वेळी माझे बोट कोणाचीही पर्वा न करता 19 वर आपटत होते. वयाच्या सूत्रांप्रमाणे माझे हृदय 220 वजा 58, म्हणजे 162 पर्यंत जायला हवे होते. दुसऱ्या एका सूत्राने 167 ची मुभा दिली होती. ते 171 पर्यंत गेले. त्याने ही दोन्ही सूत्रे वाचलेली नव्हती. गुणोत्तर 1.14 झाले, आणि मी अधिकृतपणे दमलो.

आकडा आला 32.8. घड्याळाच्या 41 मधले सव्वाआठ कोठे गेले, हे मी विचारले नाही. मात्र हा भागाकार आहे हे कळताच मी थोडा सावरलो. माझे शरीर मिनिटाला सुमारे 2.6 लिटर ऑक्सिजन वापरत होते, आणि त्याला माझ्या 80 किलोंनी भागले होते. माझ्या सायकलवीर मित्राचा आकडा मोठा निघाला, त्यात त्याच्या हृदयाचे कर्तृत्व किती आणि त्याच्या पोटाच्या अभावाचे किती, हे तपासायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ किलो वजन उतरले असते, तर तोच ऑक्सिजन, तेच हृदय, तीच धाप घेऊन मी 36 च्या पुढे गेलो असतो.

आता प्रश्न उरला तो मी साधारण आहे की नाही, हा. भाचीने दोन तक्ते काढले. पहिला अमेरिकेतला, ट्रेडमिलवरच्या चाचण्यांचा. त्यात विशीतल्या पुरुषांचा मध्यांक (निम्मे याच्या वर, निम्मे खाली) 48.0, स्त्रियांचा 37.6, आणि सत्तरीत पोहोचेपर्यंत हेच आकडे 24.4 आणि 18.3 वर येतात. पन्नाशीतल्या पुरुषांचा मध्यांक 32.6. मी त्याच्यावर दोन दशांशांनी होतो! निम्म्या अमेरिकेला मागे टाकल्याचा आनंद मी पुरता अर्धा मिनिट उपभोगला. मग दुसरा तक्ता पुढे आला. तो नॉर्वेतल्या 20 ते 90 वर्षांच्या 3,816 निरोगी स्त्री-पुरुषांचा होता, आणि त्यात माझ्या वयाच्या पुरुषांची सरासरी चाळिशीच्या पलीकडे होती. माझा आकडा तेथील साठीतल्या स्त्रियांच्या जवळपास जात होता. तोच माणूस, तीच फुप्फुसे. एका कागदावर उत्तम नागरिक, दुसऱ्यावर करुणेचा विषय. कोणता तक्ता खरा, असे विचारल्यावर दोन्ही, असे उत्तर मिळाले. कोणाला निवडले, कोण आपण होऊन आले, ‘निरोगी’ कोणाला म्हटले, यावर साधारणपणा अवलंबून असतो. मी अमेरिकेचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि नॉर्वेचा भाचीला सन्मानपूर्वक परत केला.

घरी येऊन तो कागद पुन्हा वाचताना मला एक मौलिक गोष्ट दिसली. तक्त्यातली माणसे दहा-दहा वर्षांच्या गटांत बसवली आहेत, आणि साठीतल्या पुरुषांचा मध्यांक 28.2 आहे. वयामुळे ही क्षमता दशकाला साधारण दहा टक्के घटते असे धरले, तरी दोन वर्षांत माझे फार तर सहा-सात दशांश जातील; पण ज्यांच्याशी माझी तुलना व्हायची, त्यांचा आकडा माझ्या साठाव्या वाढदिवसाच्या मध्यरात्री एकदम 4.4 ने खाली येणार. भाचीने पाठपुराव्याची चाचणी पुढच्या वर्षी ठेवली होती. मी तिला फोन करून ती आणखी एक वर्ष पुढे ढकलायला सांगितली, आणि तारीखही दिली: वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची.