कोमानाचा पुजारी खरंच स्वतंत्र राजा होता का?

‘आजच्या तुर्कस्तानातल्या तोकातजवळच्या कोमाना इथं मा देवीचा पुजारीच स्वतंत्र राजा होता, सहा हजार गुलाम विकत-घेत असे आणि रोमनं हात लावला नाही,’ असा मजकूर फिरतोय. अर्धं खरं, अर्धं पदरचं.

सहा हजार हा आकडा प्राचीन ग्रीक भूगोलकार स्त्राबोचा. पण तोच सांगतो की देवळाच्या या सेवकांवर पुजाऱ्याची सत्ता असली तरी त्यांना विकायचा अधिकार त्याला नव्हता. राजमुकुटही रोजचा नव्हे. कोमाना ज्यात होतं त्या काळ्या समुद्राकाठच्या पोंतस राज्याच्या राजांच्या काळात वर्षातून दोनदा, देवीची मिरवणूक निघे तेव्हाच तो डोक्यावर चढे, आणि मान राजाच्या खालोखाल.

रोमनं हात लावला नाही, हे तर साफ चूक. इ.स.पू. ६३ च्या सुमारास रोमन सेनापती पाँपेनं आर्केलाउसला पुजाऱ्याच्या गादीवर बसवलं, वर जमीनही जोडून दिली. पुढे सीझरनं ती गादी लिकोमेदीसला दिली. नंतर ऑगस्टसच्या मर्जीनं आलेला क्लेओन मूळचा दरोडेखोरांचा म्होरक्या! डुकराचं मांस वर्ज्य असलेल्या नगरात त्यानं आल्या आल्या तेच खाल्लं. महिन्याभरात मेला, देवीचा कोप, असं देवळातले लोक म्हणत.